नोरावांकचे करारनामे

तेराव्या शतकातल्या आर्मेनियात एखाद्याने मठाला द्राक्षमळा दान दिला, तर ती गोष्ट चर्मपत्रावर नोंदवून कोणाचे समाधान होत नसे. चर्मपत्र जळते, लुटीत जाते, दोन पिढ्यांनी कोणाच्या तरी पेटीत कुजते. म्हणून व्यवहाराचा मजकूर सरळ चर्चच्या भिंतीवर कोरला जाई. कोणी दिले, काय दिले, त्या बदल्यात मठाने काय कबूल केले आणि पुढे जो हा शब्द मोडेल त्याचे काय होवो, हे सगळे येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राही. आर्मेनियातले मध्ययुगीन मठ पाहायला जाणारे बहुतेक जण तिथल्या शिल्पांपुढे थबकतात आणि अक्षरांवरून नुसती नजर फिरवून पुढे सरकतात. लिपी ओळखीची नसते, त्यामुळे ती नक्षीचाच एक प्रकार वाटते. पण या भिंती वाचण्यासाठी आहेत. ज्यांनी त्या कोरल्या, त्यांच्या लेखी चित्राचे काम आणि मजकुराचे काम अशी वाटणी नव्हती. हे फार स्पष्ट दिसते ते नोरावांक मठात.

दक्षिण आर्मेनियाच्या वायोत्स द्झोर प्रांतात, येरेवानपासून सुमारे १२० किलोमीटरवर, आमाघूची अरुंद घळ आहे. दोन्ही अंगांना विटकरी रंगाचे उभे कडे, आणि घळ संपत आली की वरच्या सपाटीवर फिकट पिवळसर दगडाची दोन चर्चे. १२०५ मध्ये कापानजवळच्या वाहानावांक मठातून आलेल्या होव्हान्नेस नावाच्या बिशपने इथे नवा मठ वसवला. मुख्य चर्च सुर्ब कारापेत, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. ते १२१६ ते १२२७ या काळात उभे राहिले. त्यामागे लिपारित ओर्बेलियन या सरदाराचा आधार होता.

या ओर्बेलियन घराण्याची ओळख झाल्याशिवाय नोरावांकचा एकही लेख नीट उलगडत नाही. मूळचे हे जॉर्जियाच्या दरबारातले बडे सेनापती. ११७७ मध्ये त्यांनी राजा तिसरा ज्यॉर्जी याच्याविरुद्ध बंड केले. ते फसले आणि घराण्याची जवळपास कत्तल झाली. वाचलेल्या शाखेतल्या लिपारितला पुढे वायोत्स द्झोरमध्ये जमीन मिळाली. तो तिथे रुजतो न रुजतो तोच मंगोल आले. लिपारितचा मुलगा स्म्बात याने लढण्यापेक्षा प्रवासाचा मार्ग धरला. तो १२५०च्या दशकात थेट काराकोरमला जाऊन मोंगके खानाला भेटला आणि आपल्या मुलखाला व चर्चना करमाफी मिळवून परतला. शेजारचे प्रदेश कराच्या ओझ्याखाली पिचत असताना या लहानशा दरीत पुढची शंभरएक वर्षे मठ बांधले गेले, पोथ्या लिहिल्या गेल्या, दगड कोरले गेले. याच भागात ग्लाद्झोरचे विद्यापीठ भरभराटीला आले. इतका सुबक दगड कसा काय घडला, या प्रश्नाच्या उत्तरात कारागिराच्या हाताइतकाच वाटा त्या करमाफीचाही आहे, असे मला वाटते.

आता लेखांकडे वळू. आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्स याने इसवी सन ४०५च्या सुमारास तयार केली. अक्षरे ३६ होती, मध्ययुगात त्यांत आणखी दोन आली. शिलालेखांत दिसतात ती मोठी, ताठ, उभ्या दांड्यांची अक्षरे. त्यांना येरकातागिर म्हणतात. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. दगड महाग, मजूर महाग, म्हणून जागा वाचवण्याचे नाना उपाय केले जात. एका अक्षराची दांडी शेजारच्या अक्षराला वापरायची, लहान अक्षर मोठ्या अक्षराच्या पोटात बसवायचे, देव किंवा ख्रिस्त यांसारखे पवित्र शब्द दोन अक्षरांत आटोपून वर एक आडवी रेघ मारायची. सवयीचा वाचकही पहिल्या ओळीत अडखळतो.

कालगणनेचा उलगडा मात्र सोपा आहे, आणि तो एकदा कळला की कोणालाही अशा भिंतीसमोर उभे राहून काहीतरी वाचता येते. आर्मेनियन शक इसवी सन ५५२ मध्ये सुरू होतो. आकडे अक्षरांनीच लिहितात. मूळच्या ३६ अक्षरांच्या नऊ-नऊच्या चार ओळी पाडल्या की पहिली ओळ एकं, दुसरी दहं, तिसरी शेकडा आणि चौथी हजार. लेखाच्या सुरुवातीला किंवा शेवटी दोन-तीन अक्षरे सुटी दिसली की ते बहुधा वर्ष असते. त्यात ५५१ मिळवायचे. ‘चा’ म्हणजे ७००, ‘द्झा’ म्हणजे ८०, ‘आइब’ म्हणजे १. हे झाले ७८१. त्यात ५५१ मिळवले की १३३२. हे वर्ष मी मुद्दाम निवडले आहे. ज्या वास्तूवर ते कोरलेले आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

वर्षानंतर मजकूर एका ठरलेल्या वळणाने जातो. देवाच्या इच्छेने, अमुक खानाच्या किंवा राजाच्या अमलात, अमुक बिशपच्या काळात, मी अमुक, अमुकचा मुलगा, या पवित्र मठाचा सभासद झालो. पुष्कळदा दान ‘हलाल’ कमाईतून दिल्याचे आवर्जून सांगितलेले असते. मग दानाचा तपशील येतो: गाव, शेत, द्राक्षमळा, गिरणीतला वाटा, कधी सोन्याचांदीची भांडी, कधी हस्तलिखित पोथी. त्यानंतर मठाची बाजू. धर्मगुरूंनी वर्षातले इतके दिवस, या या सणाला, दात्याच्या किंवा त्याच्या मृत आईवडिलांच्या नावाने मिस्सा करण्याचे कबूल केले आहे. दिवस मोजून दिलेले असतात. एकाला एक, दुसऱ्याला पाच, मोठ्या सरदाराला त्याहून जास्त.

हा हिशोब वाचून काही अभ्यासकांना भक्तीचा बाजार दिसतो. मला तसे वाटत नाही. माणूस मेल्यावर त्याचे नाव दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, वेदीसमोर, मोठ्याने उच्चारले जावे ही इच्छा या सगळ्यामागे आहे. पैसे त्यासाठी आहेत. ज्या देशावर दर दोन पिढ्यांनी परकी घोडदळ चालून येत होते, तिथे आपले नाव कोणीतरी घेईल याची तजवीज करून ठेवणे हा चिरेबंद शहाणपणा होता. शिवाय दाते सगळे सरदार नव्हते. व्यापारी आहेत, पाद्री आहेत, विधवा आहेत, आणि ज्यांच्याबद्दल इतिहासात दुसरी एकही ओळ नाही अशी नवराबायकोची जोडपी आहेत. त्यांचे अस्तित्व आज आपल्याला माहीत आहे ते केवळ त्यांनी एक मळा दिला म्हणून.

या प्रकारचा सर्वांत ऐसपैस लेख नोरावांकमध्ये नाही. तो आनी शहरात आहे, जे आज तुर्कस्तानच्या हद्दीत ओस पडले आहे. तिग्रान होनेंत्स या श्रीमंत व्यापाऱ्याने १२१५ मध्ये तिथे संत ग्रेगरीचे चर्च बांधले आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर आपल्या देणग्यांची लांबलचक यादी कोरून घेतली. त्यात गावांतले हिस्से आहेत, दुकाने आहेत, स्नानगृह आहे, गिरण्या आहेत. तेराव्या शतकातल्या आनीच्या व्यापाऱ्याकडे नेमकी कशी मालमत्ता असे, हे सांगणारे इतके नेमके साधन दुसरे सहसा सापडत नाही.

लेखाचा शेवट शापाने होतो. जो हे दान हिसकावेल किंवा कबूल केलेली मिस्सा चुकवेल, तो देवासमोर दोषी ठरो, काइन आणि यहूदा यांच्या पंक्तीला बसो, आणि ३१८ पित्यांचा शाप त्याला लागो. हे ३१८ म्हणजे इसवी सन ३२५च्या नायसियाच्या धर्मसभेला जमलेले बिशप, असा परंपरेने धरलेला आकडा. ज्याने शब्द पाळला त्याला मात्र आशीर्वाद. मराठी वाचकाला इथे आपल्याकडचे गधेगाळ आठवल्यावाचून राहणार नाहीत. शिलाहार आणि यादव काळात जमिनीच्या दानाखाली गाढवाचे ते उघडेवाघडे चित्र कोरले जाई तेही दान मोडणाऱ्याला धाक घालण्यासाठीच. आपला शाप शरीराला लाज आणणारा, आर्मेनियन शाप आत्म्याला नरकात लोटणारा. दोन्हीकडे चिंता एकच, की आपण गेल्यावर दिलेला शब्द कोण सांभाळणार.

आतापर्यंत भिंतीचा उपयोग सांगितला. नोरावांकचे वेगळेपण असे, की इथे मजकूर आणि शिल्प एकमेकांत शिरले आहेत.

सुर्ब कारापेतला पश्चिमेकडून एक गावित जोडलेला आहे. गावित म्हणजे चर्चच्या पुढचा मोठा बंदिस्त मंडप. ही खास आर्मेनियन मठांची वास्तू. तिथे सभा भरत, वाद मिटवले जात, मोठ्या माणसांना पुरले जाई. नोरावांकचा गावित १२६१ मध्ये स्म्बातने बांधवला, भूकंपात त्याची हानी झाली आणि १३२१ मध्ये तो नव्याने उभा राहिला. आत एकही मोकळा खांब नाही. शेतकऱ्यांच्या घरांवर लाकडी तुळया एकावर एक रचून, मध्ये धुराडे ठेवून छत करत, त्याची दगडातली आवृत्ती डोक्यावर दिसते. जमिनीवर ओळीने थडग्यांच्या फरशा आहेत, प्रत्येकीवर नाव. त्यांच्यावर पाय देऊनच पुढे जावे लागते. मेलेल्यांची तीच इच्छा होती, असे सांगतात: येणाऱ्याची पावले आपल्यावरून जावीत, म्हणजे नम्रता घडेल.

या गावितच्या पश्चिम दारावर दोन कोरीव शिळा आहेत, एक दाराच्या वर, दुसरी त्याच्याही वरच्या जोडखिडकीवर. खालच्या अर्धगोल शिळेत मरिया बाळाला घेऊन बसली आहे. ती सिंहासनावर नाही, जमिनीवर अंथरलेल्या गालिच्यावर आहे. गालिच्याची नक्षी आणि कडेची झालर दगडात नीट दिसते. दोन्ही बाजूंना संत आहेत. आणि या सगळ्याभोवती वेलबुट्टीत गुंफलेली मोठी, उठावातली अक्षरे फिरतात. पाने आणि अक्षरे एकाच खोलीवर कोरलेली आहेत, एकाच जाडीची आहेत. वेल कुठे संपली आणि शब्द कुठे सुरू झाला, ते बोट फिरवत शोधावे लागते. हा मजकूर देवाच्या नावाबद्दल आहे, कोणत्याही दानाबद्दल नाही. दानलेखांसाठी भिंती होत्या. दारावरच्या जागेत मजकूरच प्रतिमा झाला.

वरची शिळा तर अख्ख्या आर्मेनियात एकटी आहे. टोकदार कमानीत देवपिता: मोठे डोके, लांब दाढी, आणि बदामी आकाराचे मोठे डोळे. उजव्या हाताने तो क्रूसावरच्या ख्रिस्ताला आशीर्वाद देतो आहे. डाव्या हातात आदामचे डोके धरले आहे. त्यावर पवित्र आत्म्याचे कबुतर. मोकळी राहिलेली जागाही अक्षरांनी भरली आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती कलेत देवपित्याला असे समोरासमोर दाखवण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. निर्मिती, पाप आणि उद्धार, हा सगळा धर्मसिद्धान्त एका खिडकीच्या माथ्यावर दोन हातांच्या अंतरात मांडला आहे: या हातात पहिला माणूस, त्या हाताखाली त्याच्यासाठी मेलेला मुलगा. त्या डोळ्यांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मंगोल काळाची छाप म्हणून अनेक जण त्यांच्याकडे बोट दाखवतात. राज्यकर्त्यांना आपल्यासारखा दिसणारा देव फोडावासा वाटणार नाही, अशी एक गोष्टही वाटाडे सांगतात. मला ती पटत नाही. इल्खानी काळात, म्हणजे इराणच्या मंगोल राज्यकर्त्यांच्या अमलात, इराणपासून अनातोलियापर्यंत भांड्यांवर, पोथ्यांत, फरशांवर चेहरे याच घाटाचे दिसू लागले होते. कारागिराने आपल्या काळात सुंदर मानला जाणारा चेहरा देवाला दिला, एवढे पुरेसे आहे.

या शिळांच्या संदर्भात मोमिकचे नाव घेतले जाते. मध्ययुगातले बहुतेक पाथरवट निनावी गेले, मोमिक मात्र पुष्कळ ठिकाणी भेटतो. तो वास्तुकार होता, मूर्तिकार होता आणि पोथ्यांतली चित्रेही काढत असे. त्याने रंगवलेले १३०२चे शुभवर्तमान येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात आहे. १३२१ मध्ये त्याने जवळच्या आरेनी गावात मरियाचे चर्च बांधले. त्याच्या दारावरही मरियाची शिळा आहे, आणि आत घुमटाखालच्या चार कोपऱ्यांत चार शुभवर्तमानकारांची चिन्हे. पोथीत शुभवर्तमानाच्या सुरुवातीला जी चिन्हे येतात, ती इथे घुमट पेलताना दिसतात. पोथीचा चित्रकार छिन्नी हातात घेतो तेव्हा काय घडते, ते मोमिकच्या दगडांत बघावे. पोथीच्या पानावर अक्षर आणि वेल शेजारी-शेजारी, एकाच शाईने, एकाच बैठकीत उतरतात. तीच सवय त्याच्या दगडात आली, असे मला गावितच्या दाराकडे पाहून खात्रीने वाटते.

त्याचा १३०८चा खाचकार नोरावांकमध्येच आहे. खाचकार म्हणजे उभ्या शिळेवर कोरलेला क्रूस, आणि आर्मेनियाच्या बाहेर त्याला जोड नाही. मोमिकच्या या शिळेवर मधोमध मोठा क्रूस, त्याच्या पायाशी ढालीसारखे फुगीर चक्र. दोन्ही कडांनी एकाखाली एक आठ टोकांचे तारे, इतके उठावदार की दगडावर वेगळे बसवल्यासारखे वाटतात. माथ्यावर कमानींच्या रांगेत मध्यस्थीची प्रार्थना करणाऱ्या संतांसह ख्रिस्त, आणि मागे फुले, फळे, द्राक्षाची पाने. संत एखाद्या मांडवाखाली बसले आहेत, असा तो देखावा आहे. वायोत्स द्झोर आजही द्राक्षांचा मुलूख आहे. कोरणाऱ्याला ती पाने कुठून सुचली हे विचारायला नको.

खाचकारांची परंपरा मोमिकच्या आधी चारशे वर्षांपासूनची. वर्ष कोरलेला सर्वांत जुना खाचकार ८७९चा, गार्नी इथला. तो राजा पहिला आशोत याची राणी कात्रानिदे हिने उभारला. सुरुवातीचे साधे होते: क्रूस, त्याच्या पायातून दोन्हीकडे फुटलेली दोन पाने, बस्स. क्रूस हे मरणाचे लाकूड न राहता जिवंत झाड झाले आहे, हा त्या पानांचा अर्थ. म्हणूनच बहुसंख्य खाचकारांवर ख्रिस्ताचे शरीर नसते. हागपात मठातला वाहरामने कोरलेला १२७३चा ‘आमेनाप्र्किच’ हा त्याला ठळक अपवाद. त्यावर क्रूसावरचा ख्रिस्त आहे, भोवती माणसांची गर्दी आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत नक्षी दाट होत गेली आणि गोशावांकमध्ये पोघोस नावाच्या कारागिराने १२९१ मध्ये ती टोकाला नेली. तिथे दगडाचे तीन थर एकाखाली एक दिसतात. सगळ्यांत वर क्रूस, त्याखाली वेलींची जाळी, आणि तिच्या फटींतून डोकावणारी आणखी बारीक जाळी. लोक त्याला भरतकामाचा खाचकार म्हणतात. लक्ष देऊन पाहिले तर चौकटीतल्या एका चौकोनाची नक्षी दुसऱ्यात जशीच्या तशी आलेली नसते. हे दगड छिन्नी, टोकदार सळ्या आणि हातोड्याने कोरत, मग बारीक वाळूने घासत. टवका उडालाच तर माती किंवा चुन्याने बुजवत आणि वरून रंग देत. आज करडे किंवा तांबूस दिसणारे खाचकार एके काळी रंगीत होते, हे आपण विसरतो. उभे करताना त्यांचे तोंड पश्चिमेकडे ठेवतात, म्हणजे प्रार्थना करणारा पूर्वेला तोंड करून उभा राहतो. धर्मगुरूने तेल लावून आशीर्वाद दिला की दगड पवित्र होतो. थडग्यावर, विजयानंतर, चर्च बांधून झाल्यावर, कुठे पूल झाला तरी खाचकार उभा राही, आणि खालच्या पट्टीवर तोच ओळखीचा मजकूर असे: अमुकची आठवण ठेवा. देशात असे ५०,०००हून अधिक खाचकार आहेत. २०१० मध्ये युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मोमिकचे शेवटचे मोठे काम नोरावांकमधलेच, सुर्ब अस्त्वात्सात्सिन, म्हणजे मरियाचे चर्च. बुर्तेल ओर्बेलियनने पैसे दिले म्हणून त्याला बुर्तेलाशेनही म्हणतात. १३३९ मध्ये ते पूर्ण झाले. खाली अर्धवट जमिनीत घराण्याची दफनवास्तू, वर उंच मनोऱ्यासारखे स्मृतिचर्च. वरच्या मजल्यावर जायला आतून जिना नाही. दर्शनी भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या दोन्ही बाजूंनी चढत वरच्या दाराशी भेटतात. पायऱ्या जेमतेम पाऊल मावेल इतक्या, कठडा नाही. खालच्या दारावर मरिया आणि तिच्या दोन्ही बाजूंना गब्रिएल व मिखाएल हे देवदूत. वरच्या दारावर ख्रिस्त, शेजारी पेत्र आणि पौल. माथ्यावरच्या खांबांवर मरिया आणि दोन दाते कोरले आहेत, त्यातल्या एकाच्या हातात चर्चची छोटी प्रतिकृती. दाता, त्याचे दान आणि ते स्वीकारणारी, तिघेही जमिनीपासून इतक्या उंचावर आहेत की खालच्याला ते धड दिसतही नाहीत. भिंतीवर शब्दांत लिहिला जाणारा करार इथे प्रतिमांनी लिहिला आहे. चर्चजवळच मोमिकची कबर आहे. तिच्यावरचा खाचकार लहान आणि साधा आहे.

ओर्बेलियनांच्या थडग्यांपैकी एक मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते. सुर्ब कारापेतच्या उत्तर बाजूला १२७५ मध्ये तार्साइच ओर्बेलियनने आपला भाऊ स्म्बात याच्या स्मरणार्थ सिरानेस या वास्तुकाराकडून संत ग्रेगरीचे छोटे प्रार्थनामंदिर बांधवले. तिथल्या जमिनीवर तार्साइचचा मुलगा एलिकुम याची १३०० सालची शिळा आहे. तिच्यावर पसरलेला सिंह आहे, चेहरा जवळजवळ माणसाचा. लेखातही एलिकुमला सिंहाची उपमा आहे. पुन्हा तेच: जे अक्षरांनी म्हटले, तेच शेजारी छिन्नीने.

आता ७८१ या वर्षाकडे. ओर्बेलियनांच्या मुलखातून सेवान सरोवराकडे जाणारा वाटमार्ग २,४०० मीटरहून उंच खिंडीतून जातो. तिथे १३३२ मध्ये चेसार ओर्बेलियनने व्यापारी तांड्यांसाठी दगडी सराई बांधली. ती सेलिमची सराई म्हणून प्रसिद्ध आहे. बाहेर दारावर फारसी लेख, आत आर्मेनियन लेख. आर्मेनियन लेखात जगाचा स्वामी म्हणून इल्खान अबू सईदचे नाव आहे, मग चेसार, त्याचे आईवडील, सिंहासारखे भाऊ, त्यांत बुर्तेलही, आणि त्याची बायको. धर्मगुरू म्हणून एसाईचे नाव आहे, आणि त्याच्याच प्रार्थनेने काम पूर्ण झाले, असे म्हटले आहे. त्या काळी ग्लाद्झोर विद्यापीठाचा प्रमुख एसाई न्चेत्सी होता. बांधणारा म्हणतो, हे मी आत्म्याच्या मुक्तीसाठी बांधले. उंट आणि खेचरे बांधण्याची जागाही त्याच्या लेखी मिस्सा करण्याइतकीच पुण्याची होती. दारातून शिरणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्याला फारसीत आणि आत थांबणाऱ्या आर्मेनियन प्रवाशाला त्याच्या लिपीत सांगितले, की इथे कोणाच्या आश्रयाला आहात. या एका वास्तूत त्या दरीचे राजकारण जितके कळते तितके बखरींतूनही कळणार नाही.

बखरीचा विषय निघालाच आहे, तर स्तेपानोस ओर्बेलियनबद्दल सांगितले पाहिजे. तो तार्साइचचा मुलगा, वायोत्स द्झोर ज्यात मोडे त्या स्युनिकचा आर्चबिशप आणि इतिहासकार. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याने स्युनिक प्रांताचा इतिहास लिहिला, आणि त्यासाठी मठांचे कागद पाहिले तसे भिंतींवरचे लेखही उतरवून घेतले. कित्येक दानलेखांचा मजकूर त्याच्या ग्रंथात आला आहे. ज्या माणसाचे वडील, काका आणि भाऊ भिंतींवर आपली नावे कोरून घेत होते, तो त्याच भिंतींवरून इतिहास लिहीत होता. पुढे १८९३ मध्ये घेवोंद आलिशान यांनी ‘सिसाकान’ हा याच प्रदेशाचा प्रचंड ग्रंथ व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केला. ते तिथल्या सान लाझारो बेटावरच्या आर्मेनियन मठात राहत. इतरांनी पाठवलेल्या नकलांवरून त्यांनी दगड वाचले. विसाव्या शतकात लेखांचे पद्धतशीर संकलन खंडाखंडाने छापले जाऊ लागले. वायोत्स द्झोरचा खंड सेद्राक बार्खुदार्यान यांनी तयार केला आणि तो १९६७ मध्ये निघाला. नोरावांकचा एखादा लेख आज शोधायचा तर अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात.

या नकलांचे मोल भूकंपांच्या प्रदेशात वेगळे सांगायला नको. बुर्तेलाशेनचा माथा १८४०च्या भूकंपात कोसळला आणि दीडशे वर्षे तसाच राहिला. तो १९९०च्या दशकात पुन्हा बांधला गेला. जुन्या छायाचित्रांत चर्च वरून उघडे दिसते.

माणसांनी केलेला नाश त्याहून वाईट आहे. आरास नदीच्या काठी, आज अझरबैजानकडे असलेल्या नखचिवानमध्ये, जुघा ऊर्फ जुल्फा गावाची दफनभूमी होती. तिथे हजारो खाचकार उभे होते, उंच, अरुंद, तांबूस. १६०५ मध्ये शाह अब्बासने जुघाच्या लोकांना उचलून इस्फहानला नेले. तिथे त्यांनी नवे जुल्फा वसवले. तिथलेच व्यापारी पुढे सुरत, आग्रा, कलकत्ता आणि मुंबईपर्यंत आले. मुंबईच्या फोर्टमधले १७९६चे आर्मेनियन चर्च आणि सुरतेची आर्मेनियन दफनभूमी ही त्यांच्याच वंशजांची आणि जातभाईंची. भारतातल्या त्यांच्या थडग्यांवरची अक्षरे नव्या जुल्फात जन्मलेल्या मेस्रोव्ब जेकब सेठ यांनी वर्षानुवर्षे फिरून वाचली आणि पुस्तकरूपाने छापली. तीच लिपी, तोच आर्मेनियन शक, आठवण ठेवण्याची तीच विनंती. या माणसांच्या पूर्वजांची जुघाची दफनभूमी मात्र १९९८ ते २००६ या वर्षांत टप्प्याटप्प्याने फोडून सपाट करण्यात आली. आर्गाम आयवाझ्यान यांनी त्याआधी अनेक वर्षे एकट्याने हिंडून नखचिवानच्या स्मारकांची छायाचित्रे घेतली होती आणि लेख उतरवले होते. जुघाचे मोजके खाचकार पूर्वीच हलवून आर्मेनियन चर्चचे मुख्य पीठ असलेल्या एचमियाद्झिनच्या आवारात आणले होते. त्यांच्यावरची नावे दगडावरच वाचता येतात. बाकीच्यांची आयवाझ्यान यांच्या वह्यांत आणि छायाचित्रांत शोधावी लागतात.